बाबांनी लाथ मारली नाही

पाठ दुखली म्हणून कुणी मरत नाही, असं आमच्या हमरापुरात सगळेच म्हणतात. म्हणणारच. इथे घरोघरी गणपतीचे कारखाने, आणि कारखान्यात बसणाऱ्या प्रत्येकाची पाठ दुखते. मांडी घालून, मान खाली करून दिवसभर रंगवत बसलं की संध्याकाळी पाठ स्वतःहून बोलायला लागते. म्हणून मागच्या सीझनला, आठव्या महिन्यात, माझ्या पाठीत कळ आली तेव्हा कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. मलाही नाही. पण ती कळ पाठीची नव्हती. हृदयातून निघणारी रक्ताची मोठी नळी आतून फाटली होती.

मी वाचले, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. भुतं एवढं लांबलचक लिहीत नाहीत. माझी मुलगी चिमी आता अकरा महिन्यांची आहे, खुर्चीला धरून चालते आणि दिसेल ते तोंडात घालते. हॉस्पिटलात एक सिस्टर होत्या, त्या मला म्हणायच्या, "सुप्रिया, तुझी जीभ तर चालतेच आहे, आता जरा हातही चालव. लिही हे. कुणाच्या तरी कामाला येईल." त्यांच्या सांगण्यावरून लिहिते आहे. डॉक्टरी माहिती माझ्याकडे फार नाही. जे अंगावर आलं तेवढंच सांगेन.

एक डोळा

माझं माहेर हमरापूर, सासर रोहा. नवरा संदेश धाटावला केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणते, घरात संदेश. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण बाळाने दिवस असे निवडले की ऐन गणपतीच्या कामाच्या गर्दीत मी माहेरी निघाले. सासूबाईंनी बॅग भरताना विचारलं, "बाळंतपणाला चाललीस का कामाला?"

"बाळंतपणालाच हो, आई."

मी खोटं बोलतेय हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

माझं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं. हे सगळ्यात शेवटचं काम. अंगाचा रंग, सोवळं, दागिने, सगळं झाल्यावर डोळे. तोवर ती मूर्ती असते, डोळे काढले की तिच्यासमोर शिव्या द्यायला जीभ वळत नाही. बाबांनी मला पंधराव्या वर्षी ब्रश हातात दिला, तेव्हापासून आमच्या कारखान्यातले निम्मे डोळे माझे. माहेरी येऊन नुसती पडून राहीन अशी माझ्याकडून अपेक्षा करणं म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला बसवण्यासारखं होतं. पाठीला उशी घेऊन मी बसायचे आणि आई ओरडली की "हा शेवटचा" म्हणायचे.

त्या दिवशी सकाळचा दुसरा चहा झाला होता. एका दीड फुटी मूर्तीचा उजवा डोळा काढून झाला होता. डाव्यासाठी ब्रश उचलला आणि कळ आली.

ती कशी आली ते नीट सांगते, कारण सांगण्यासारखं खरं तेच आहे. ती हळूहळू वाढली नाही. एकदम आली आणि आली तीच पूर्ण आली. दोन खांद्यांच्या मध्ये, आत, जुनी साडी कुणी टर्रकन फाडावी तशी. ब्रश हातातून पडला. मग ती कळ छातीत आली, जबड्यात गेली, आणि डावा हात गार पडून त्याला मुंग्या यायला लागल्या. पाठदुखी मला चांगली माहीत होती, तिच्याबरोबर मी दहा वर्षं संसार केला होता. ही ती नव्हती. पण हे कळत असूनही मी तोंडाने काय म्हणाले असेन? "आई गं, पाठ!"

घरात औषध

आई धावत आली. शेजारच्या शेवंताकाकी आमच्याकडे दागिन्यांचं सोनेरी काम करतात, त्या आईच्या आधी पोचल्या.

"कुटं दुखतंय गो?"

मी पाठीकडे हात नेला. काकींचं निदान तयारच होतं. "उसण भरली. दुसरं काय नाय. बसून बसून भरते. पायाळू माणसानं पाय लावला की जाते."

जन्माला येताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याने उसण भरलेल्या माणसाच्या पाठीला तीनदा पाय लावला की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. म्हणायला लाथ, पण खरं तर पाय टेकवायचा असतो. आणि पायाळू माणूस शोधायला गाव पालथं घालायची गरज नव्हती. माझे बाबा पायाळू आहेत.

फक्त बाबा लाथ मारत नाहीत. मी जन्मल्यापासून त्यांनी कुणाच्या पाठीला पाय लावलेला मी पाहिला नाही. लोक लांबून यायचे, कमरेवर हात ठेवून वाकलेले, आणि बाबा हात जोडून त्यांना परत पाठवायचे. भाव खातो, असं लोक म्हणायचे. बाबा ऐकून घ्यायचे. पण आता प्रश्न पोटच्या पोरीचा होता, तेव्हा आता तरी ते नाही म्हणणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं.

"अवो, हिच्या पाठीला जरा पाय लावा," आई म्हणाली.

बाबा रंगाचा डबा धरून दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि डबा खाली ठेवला.

"नाय."

"नाय म्हंजे?"

"नाय म्हंजे नाय. मी हिला पाय लावणार नाय. हिला पेणला न्यायची. आत्ता."

काकींनी कपाळावर हात मारला. "काय बाप हाय! घरात औषध हाय न पोरीला डॉक्टरकडं नेतो."

खरं सांगते, मलाही बाबांचा राग आला. मी रडत होते आणि म्हणत होते, "लावा ना हो एकदा, बाबा. एकदाच." त्यांनी माझं ऐकलं नाही. माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं. त्यांचा हात थरथरत होता. तीस वर्षं ज्या हाताने न चुकता डोळे आखले तो हात थरथरतोय, हे पाहून मी पहिल्यांदा घाबरले.

दारात आमचा टेम्पो उभा होता, त्यात गिऱ्हाइकाचे अकरा गणपती भरून ठेवलेले. उतरवायला वेळ नव्हता. बाबांनी स्टेअरिंग धरलं, मध्ये मी, कडेला आई, आणि मागे अकरा बाप्पा पेंढ्यात बसलेले. प्रत्येक स्पीडब्रेकरला आई माझ्याकडे बघायची आणि मग मागच्या मूर्तींकडे. "फुटेल हो, हळू!" ती बाबांना म्हणाली. कोण फुटेल ते तिने सांगितलं नाही.

दोन हात

पेणला ज्यांच्याकडे माझं नाव घातलं होतं त्या डॉक्टरबाई बुटक्या, चष्मेवाल्या आणि फार कमी बोलणाऱ्या आहेत. दर महिन्याला मला वाटायचं की यांना माझा कंटाळा आलाय. त्या दिवशी त्यांनी माझी दोन वाक्यं ऐकली आणि उजव्या हाताला बीपीचा पट्टा बांधला. मग डाव्या हाताला. मग परत उजव्या.

"मशीन बिघडलं असेल," आई म्हणाली.

डॉक्टरबाईंनी दुसऱ्या खोलीतून दुसरं मशीन आणलं. तेच. एका हातात बीपी भरमसाट, दुसऱ्या हातात कितीतरी कमी. एकाच बाईचे दोन हात दोन वेगळ्या माणसांचे असल्यासारखे. त्यांनी बाळाचे ठोके ऐकले, ते धडधड चालले होते. मग त्या स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या.

"सुप्रिया, हे पाठीचं नाही. हृदयाची मोठी नळी फाटत असावी असं मला वाटतंय. गरोदरपणात क्वचित होतं, पण होतं. तुला लगेच नवी मुंबईला न्यायला हवं. माझं चुकलं तर परत येऊन मला शिव्या दे. मी ऐकून घेईन."

अशा वेळी माणसाला मोठे विचार सुचत असतील असं मला वाटायचं. मला सुचलं ते हे की चुलीवर दूध ठेवलं होतं.

मग बाई उठल्या, बाहेर बसलेल्या बायकांना म्हणाल्या, "आज ओपीडी बंद," आणि माझ्याबरोबर स्वतः अँब्युलन्समध्ये चढल्या. पूर्ण वाटभर त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. कमी बोलणारी माणसं मला तेव्हापासून फार आवडायला लागली.

बाम लावा

संदेश तेव्हा सकाळच्या शिफ्टला होता. त्यांच्या प्लांटमध्ये मोबाईल नेता येत नाही, गेटवर ठेवावा लागतो. निरोप द्यायचा तर गेटवर फोन करायचा, मग गेटवाला प्लांटमध्ये कळवणार. आईने निघतानाच फोन केला होता. तिने सांगितलं, "सुप्रियाच्या पाठीत जोरात दुखतंय." गेटवाल्याने पुढे कळवलं, "मिसेसची पाठ दुखतेय." संदेशने उलट निरोप पाठवला, "बाम लावा."

हे वाक्य मी त्याला आयुष्यभर ऐकवणार आहे. भाजी करपली, बाम लावा. गाडी पंक्चर झाली, बाम लावा.

दुसरा फोन डॉक्टरबाईंनी स्वतः केला. त्यानंतर तो कंपनीचे लोखंडी टोकाचे बूट आणि डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून मित्राच्या बाईकवर बसला आणि हॉस्पिटलच्या वॉर्डातही तसाच शिरला. तोवर माझा स्कॅन झाला होता. डॉक्टरबाईंचं चुकलं नव्हतं.

सर्जन तरुण होते, माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठे असतील. त्यांनी सांगितलं की एकाच टेबलावर दोन ऑपरेशनं होतील, आधी सिझेरियन करून बाळ काढायचं आणि लगेच छाती उघडून नळी बदलायची.

संदेशने विचारलं, "आम्हाला दोघांपैकी एक निवडायचं आहे का?"

"नाही," सर्जन म्हणाले. "आम्ही दोघांसाठी उभे राहणार आहोत. पण धोका मोठा आहे, तो लपवणार नाही. सही करा."

संदेशने सही केली. मग माझ्याजवळ आला आणि नुसता उभा राहिला. मला काहीतरी बोलायचं होतं आणि वेळ नव्हता. मी म्हटलं, "मी गेले तर बाळाला माझा फोटो दाखव. पण आधार कार्डवरचा नको."

तो हसला आणि रडला, दोन्ही एकदम. मी मात्र हसत नव्हते. मला मरायचं नव्हतं. मला बाळाचा चेहरा बघायचा होता, एवढंच. तोपर्यंत कुठल्याच देवाकडे मी इतक्या उघडपणे काही मागितलं नव्हतं.

बाहेरचं बाकडं

पुढचे आठ-नऊ तास मला माहीत नाहीत. जे कळलं ते सगळ्यांनी आपापल्या परीने सांगितलेलं.

सासूबाई रोह्याहून आल्या त्या तापलेल्याच. "तिकडं पाठवायलाच नको होती. आठव्या महिन्यात पोरीला कामाला बसवली." आई म्हणाली, "बसवली? तुमची सून कुणाचं ऐकते काय?" हे खरं होतं, पण त्या वेळी ते कुणाला ऐकायचं नव्हतं. मग दोघी एकाच बाकड्याच्या दोन टोकांना बसल्या. बाबा बसलेच नाहीत. आई त्यांच्याशीही बोलत नव्हती, कारण पोर तळमळत असताना त्यांनी साधा पाय लावला नाही, हे तिच्या मनातून गेलं नव्हतं. संदेश कुणाशीच बोलत नव्हता. अख्खं कुटुंब एका भिंतीला टेकून एकमेकांवर रागावलेलं.

आधी बाळ आलं. मुलगी, पावणेदोन किलोची, रडणारी. तिला काचेच्या पेटीत नेलं. आणि पुष्कळ वेळाने सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, "आई पण ठीक आहे." तेव्हा दोन्ही विहिणी एकदम उठल्या आणि त्यांनी एकमेकींचे हात धरले. दोघीही म्हणतात की ते चुकून झालं.

पॉलिस्टर

जाग आली तेव्हा घशात नळी होती, हात बांधलेले होते आणि छातीवर कुणीतरी पाटा-वरवंटा ठेवल्यासारखं वाटत होतं. सिस्टर कानाशी येऊन म्हणाल्या, "मुलगी झाली. छान आहे. तू पण आहेस." त्यांनी माझा उजवा हात सोडून कागद आणि पेन दिलं. मी कसंबसं लिहिलं, 'डोळा'.

सिस्टर म्हणाल्या, "बाळाचे डोळे? एकदम टपोरे."

मला बाळाचं ऐकून आनंद झालाच, पण मी विचारत होते ते त्या दीड फुटीबद्दल, जिला मी एकडोळी सोडून आले होते. औषधांच्या गुंगीत मला ती सारखी समोर दिसत होती. घशातली नळी निघाल्यावर बाबांना विचारलं. ते म्हणाले, "दुसरा मी काढला. हात हलला जरा. एक डोळा मोठा झालाय."

"गिऱ्हाईक काय म्हणालं?"

"म्हणालं, बाप्पा आमच्याकडंच बघतोय."

हॉस्पिटलातले दिवस मी मोजले नाहीत, पण त्यांचा साचा पाठ झाला. सकाळी अंग पुसणं, मग तीन गोळ्यांचं एक खेळणं मिळायचं, त्यात ओढून श्वास घ्यायचा आणि गोळ्या वर उचलायच्या. शेजारच्या खाटेवरचे सत्तर वर्षांचे आजोबा तीन उचलायचे, मी एक. मला फार अपमान वाटायचा. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. त्या उशीवर मी पेनाने दोन डोळे काढले होते, सिस्टरांनी ओरडून मग फोटो काढून घेतला.

एकदा सर्जन सांगायला बसले की फाटलेला भाग काढून तिथे कापडाची नळी शिवली आहे. सासूबाईंनी लक्ष देऊन ऐकलं.

"कापड कुठलं?"

"पॉलिस्टरसारखं असतं, आजी."

"सुती नाय मिळालं?" सासूबाई म्हणाल्या. "न रंग नाय ना जाणार?"

सर्जन तोंडावर हात ठेवून बाहेर गेले. मला हसायची सक्त मनाई होती, टाके दुखायचे. सासूबाईंना मी तेव्हा खोलीबाहेर पाठवलं. तेव्हापासून घरात काही चुकलं की त्या म्हणतात, "जाऊ दे, पोरगी पॉलिस्टरची हाय."

चिमीला मी सहाव्या दिवशी पाहिलं. व्हीलचेअरवरून नेलं, पेटीच्या भोकातून हात आत घालायला सांगितलं. तिने माझं बोट धरलं. मी खूप रडले आणि टाके दुखले आणि तरी रडतच राहिले. भेटीची वेळ संपली तरी सिस्टरांनी घड्याळ बघायचं सोडून दिलं, हे मला दिसलं होतं.

लॉगबुक

घरी आल्यावर सोपं होईल असं वाटलं होतं. झालं नाही. हॉस्पिटलात भीती वाटायला वेळच नसतो, दर तासाला कुणीतरी सुई घेऊन येतं. रोह्याच्या घरी आरामात बसल्यावर भीती येऊन शेजारी बसली. पाठीत जरा चमक आली की अंगाला घाम सुटायचा. चिमीला उचलायला तीन महिने बंदी होती. ती रडायची आणि मी बघत बसायचे, आणि सासूबाई तिला उचलून माझ्या मांडीवर ठेवायच्या, दिवसातून वीस वेळा, न कुरकुरता.

संदेशने फ्रिजवर एक तक्ता लावला. दर चार तासांनी बीपी, दोन्ही हातांचं, वेळ आणि सही. वर लिहिलं, ए शिफ्ट, बी शिफ्ट, सी शिफ्ट. कंपनीत भट्टीचं तापमान लिहितात तसं. आकडा वर गेला तर लाल पेन. मी वैतागायचे, "मी बायको आहे का बॉयलर?" तो म्हणायचा, "बॉयलरला रजा मिळते." पण खरं सांगू, त्या तक्त्यानेच माझी भीती हळूहळू कमी केली. भीतीपेक्षा आकडे बरे.

आणखी एक गोष्ट लिहायला जड जाते. डॉक्टरांनी सांगितलं, दुसरं मूल नको, जिवाला धोका आहे. मला दोन हवी होती. त्या दिवशी मी न्हाणीत नळ सोडून रडले. बाहेर आल्यावर सासूबाईंनी डोळ्यांकडे पाहिलं आणि चिमीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही एक हाय ना, ही दहांना पुरून उरंल. बघ कशी बोंबलते." आता दिवस बरे जातात. काही दिवस नाही जात.

वाचणाऱ्यांपैकी कुणी गरोदर असेल तर घाबरू नका. गरोदरपणात पाठ दुखतेच, आणि बहुतेकांची ती नुसती पाठच असते. पण कळ एकदम, फाडल्यासारखी आली, छातीत, मानेत, जबड्यात फिरली, हात गार पडला, तर कुणाची उसण, कुणाचा वात, कुणाचं पित्त ऐकत बसू नका. दवाखान्यात जा आणि न लाजता म्हणा, दोन्ही हातांचं बीपी बघा. घरात कुणी तरुण माणूस अचानक गेलेलं असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा. मी सांगितलं नव्हतं, कारण मला माहीतच नव्हतं.

बाबांचा प्रश्न

हे मला कळलं ते ऑपरेशननंतर चार महिन्यांनी. हे दुखणं रक्तातून येऊ शकतं, म्हणून सर्जनांनी आई-बाबांनाही तपासणीला बोलावलं होतं. संदेशने मित्राची गाडी आणली. आईचं सगळं ठीक निघालं. बाबांची नळी थोडी रुंद निघाली. गोळी घ्यायची, दरवर्षी बघून घ्यायचं, एवढंच. मी म्हटलं, "बाबा, लोक पोरींना वारशात दागिने देतात."

सर्जन फॉर्म भरत होते. "घरात कमी वयात अचानक कुणी गेलंय का?"

"नाही," मी म्हटलं.

"हाय," बाबा म्हणाले. "हिरा. माझी मोठी बहीण. चोवीस वर्षांची. आठवा महिना होता."

मला एक आत्या होती आणि ती तापाने गेली, एवढंच आजीने सांगितलेलं. आजी होती तोवर घरात तिचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. बाबांच्या तोंडून तर मी ते कधीच ऐकलं नव्हतं.

"काय झालं होतं?" सर्जनांनी विचारलं.

बाबा टेबलाकडे बघत बोलत होते. "बाळंतपणाला आली होती आमच्याकडं. सकाळी म्हणाली, पाठीत दुखतंय, हितं, मधी. आई म्हणाली, उसण हाय, तू पायाळू हायस, पाय लाव. मी उंबऱ्यात उभी केली न तीनदा पाय लावला. हसली. म्हणाली, बरं वाटलं रे. न मंग चुलीकडं गेली न तितंच पडली."

आईने पदर तोंडाला लावला. तिलाही हे माहीत नव्हतं. ती पुढच्या वर्षी लग्न होऊन आलेली.

"डॉक्टर, एक इचारू?" बाबा म्हणाले. "माझ्या लाथंनं फाटली का ती?"

सर्जनांनी पेन खाली ठेवलं. "किती जोरात मारली होती, काका?"

"मारली कुटं? टेकवला पाय. पोटुशी होती ना ती."

"मग ऐका. तिची तपासणी झाली नव्हती, त्यामुळे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तुमच्या मुलीचं आणि तुमचं बघून मला वाटतं, हेच झालं असणार. पाय टेकवून ती नळी फाटत नाही. ती आधीच फाटली होती. म्हणून तर दुखत होतं, म्हणून तर ती तुमच्याकडे आली."

"दवाखान्यात नेली असती तर?"

"त्या काळात? खरं सांगतो, इथे आणली असती तरी बहुतेक वाचली नसती. पण हिला तुम्ही आणलीत."

बाबांनी मान हलवली. मग म्हणाले, "आई मरेस्तोवर माझ्या पायाकडं बघायची." ते कुणालाच उद्देशून नव्हतं. सर्जनांनी फॉर्मवर हिरा आत्याचं नाव लिहिलं आणि त्यापुढे माझ्याच आजाराचं नाव लिहिलं, हे मी वाचलं.

परत येताना बाबा पुढे संदेशशेजारी बसले होते. आई आणि मी मागे, चिमी आईच्या मांडीवर झोपलेली. पनवेल मागे गेलं. मग बाबा अचानक म्हणाले, "हिरीला शिट्टी वाजवता यायची. बापया गड्यासारखी. खाडीच्या पलीकडची होडी बोलवायची शिट्टी मारून."

ते पुढे सांगत गेले. तिला भाकरी गोल कधी जमली नाही. कच्च्या चिंचा खाऊन दात आंबले की ती गार पाणी पिऊन आणखी ओरडायची. मिठागरावर कामाला जायची तेव्हा मुकादमाची नक्कल इतकी हुबेहूब करायची की बायका खरंच कामाला लागायच्या. बाबा नक्कल करून दाखवायला लागले. संदेश हसत होता. आई म्हणाली, "अवो, हे मला कधी सांगितलं नाय," आणि तीही हसायला लागली, डोळे पुसत.

हमरापूरचा फाटा दिसला. आई-बाबांना घरी सोडून आम्ही तासभर पुढे रोह्याला जाणार होतो, म्हणून संदेशने गाडीचा वेग कमी केला. बाबा तेव्हा आत्याच्या लग्नातलं सांगत होते. अंतरपाट धरणाऱ्याच्या हातून सुटला आणि नवरीला हसू आवरेना, भटजी रागावले तशी ती आणखीच हसली. मी मागून संदेशच्या खांद्यावर हात ठेवला.

"वळू नका," मी म्हटलं. "रोह्याला चला."

"अगो, रोह्याला कशाला?" आई म्हणाली. "घरी कामं पडलीत."

"पडू देत."

संदेशने आरशात माझ्याकडे पाहिलं आणि गाडी सरळ घेतली. फाटा मागे गेला तो बाबांना कळलाही नाही. ते वऱ्हाड कुठल्या होडीने आलं ते सांगत होते.